रुग्णाचें भाकीत, वैद्याची कसोटी

घरांतील कर्तें माणूस अत्यवस्थ होऊन रुग्णालयांत पडलें म्हणजे बाहेरच्या बांकावर बसलेल्या मंडळींच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : "डॉक्टर, आतां कसें आहे? धोका टळला का?" प्रश्न लहान, पण त्याच्या पोटांत दोन प्रश्न दडलेले असतात. या माणसाचें पुढें काय होणार, हा एक. आणि त्याच्यासाठीं आणखी काय करतां येईल, हा दुसरा. पहिला भाकिताचा आहे, दुसरा उपायाचा. वरवर पाहतां दोहोंचा संबंध अगदीं सरळ दिसतो. पुढचें आधीं कळलें कीं उपाय नेमका करतां येईल, असें कोणासहि वाटेल. परंतु वैद्यकाचा इतिहास चाळला तर हे दोन प्रश्न शतकानुशतकें एकमेकांशीं फटकूनच राहिलेले आढळतात. त्यांची खरी गांठ पडली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. आणि पडली तीहि अपेक्षेहून निराळ्या रीतीनें. रुग्णाचें भवितव्य सांगण्यासाठीं म्हणून जो आंकडा शोधून काढला, त्यानें शेवटीं परीक्षा घेतली ती रुग्णाच्या भोंवतीं उभ्या असलेल्या माणसांची. ती हकीकत मोठी उद्बोधक आहे.

भाकिताची विद्या फार जुनी आहे. चरकसंहितेंत 'इंद्रियस्थान' नांवाचें एक स्वतंत्र स्थान असून त्याचे बारा अध्याय मरणसूचक चिन्हांना, म्हणजे अरिष्टांना, वाहिलेले आहेत. रुग्णाचा वर्ण, स्वर, गंध, स्पर्श, त्याचीं स्वप्नें, त्याची छाया, इतकेंच काय, पण वैद्याला बोलावण्यास आलेल्या दूताची चर्याहि तेथें विचारांत घेतली आहे. असाध्य रोगाला हात घालणाऱ्या वैद्याच्या पदरीं अपयश व अपकीर्ति येते, असेंहि चरकानें बजावून ठेविलें आहे. ग्रीस देशांतहि हाच प्रकार दिसतो. हिपोक्रेटिसाच्या नांवावर असलेला 'प्रोग्नोस्टिकॉन' हा ग्रंथ इसवी सनापूर्वीं सुमारें ४०० वर्षांचा मानतात. टोंकदार झालेलें नाक, खोल गेलेले डोळे, बसलेलीं कानशिलें, गार पडलेले कान, हें मरणोन्मुख मुद्रेचें त्यांतील वर्णन इतकें हुबेहूब आहे कीं आजहि त्या मुद्रेला हिपोक्रेटिसाचेंच नांव चालतें. भाकीत बिनचूक वर्तविणाऱ्या वैद्यावर लोकांचा विश्वास बसतो आणि रोगी दगावला तर त्याच्या माथीं दोष येत नाहीं, असें हा ग्रंथ मोकळेपणानें सांगतो.

या दोन्ही परंपरांतील निरीक्षण सूक्ष्म आहे, यांत शंका नाहीं. पण त्या निरीक्षणाचा उपयोग कोणाला होता? बव्हंशीं वैद्याला. अखेरचीं चिन्हें दिसूं लागलीं कीं त्यानें हात आंखडता घ्यावा, आप्तांना सूचना द्यावी आणि आपली कीर्ति सांभाळावी. औषधें थोडीं आणि उपाय तोकडे होते त्या काळांत हें वर्तन अप्रामाणिकहि म्हणतां येणार नाहीं. होणारें टळत नाहीं, मग तें आधीं ओळखणें हीच शहाणपणाची परिसीमा होती. भाकीत हा तेथें प्रवासाचा शेवट होता; त्यापुढें वाट नव्हती.

रुग्णालयांतील मरणांची पद्धतशीर मोजदाद सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकांत, आणि तिच्याशीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें नांव कायमचें जोडलें गेलें. क्रिमियाच्या युद्धांत १८५४ च्या नोव्हेंबरांत त्या तुर्कस्तानांतील स्कुटारी येथील इंग्रजांच्या लष्करी रुग्णालयांत दाखल झाल्या. पुढील फेब्रुवारींत तेथील मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४२ च्या वर गेल्याचें नोंदलें आहे. मार्चमध्यें आलेल्या आरोग्य-समितीनें तुंबलेलीं गटारें साफ करविलीं, पाण्याची व मोकळ्या हवेची सोय केली. आणि जूनपर्यंत तेंच प्रमाण शेंकडा २ च्या आसपास उतरलें. हातीं दिवा घेऊन रात्रीं फिरणारी शुश्रूषिका म्हणून जग या बाईंना ओळखतें; पण मायदेशीं परतल्यावर त्यांनीं हातीं घेतलें तें आंकड्यांचें कोष्टक. मरण केवळ जखमेंत नसतें, तें इमारतींतहि असतें, हें त्यांना त्या कोष्टकांनीं दाखवून द्यावयाचें होतें. १८६० सालीं लंडन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र-परिषदेपुढें त्यांची योजना मांडली गेली. प्रत्येक रुग्णालयानें एकाच नमुन्यावर आपल्या रुग्णांची नोंद ठेवावी, म्हणजे एकाची दुसऱ्याशीं तुलना करतां येईल, अशी ती योजना होती.

तुलना मात्र दिसते तितकी सोपी नव्हती. १८६३ सालीं आपल्या रुग्णालयविषयक पुस्तकाच्या नव्या आवृत्तींत नाइटिंगेलबाईंनीं विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाचें एक कोष्टक छापलें. त्याप्रमाणें लंडनच्या २४ रुग्णालयांतील मृत्यूचें प्रमाण शेंकडा ९० च्या वर जात होतें! डॉक्टरवर्गांत मोठी खळबळ उडाली, आणि ती अकारण नव्हती. फार यांनीं वर्षभरांतील मृत्यूंना एका ठराविक दिवशीं खाटांवर असलेल्या रुग्णांच्या संख्येनें भागलें होतें. एका खाटेवर वर्षांत अनेक रुग्ण येऊन जातात, ही गोष्ट त्या भागाकारांत हरवली होती. त्याहूनहि मोठा आक्षेप दुसराच होता. ज्या रुग्णालयांत अधिक बिकट रोगी येतात, तेथें मृत्यु अधिक होणारच. मग तेथील डॉक्टरांना दोष कां द्यावा? आक्षेप रास्त होता, पण त्याचबरोबर तो सोयीचाहि होता. "आमच्याकडे रोगीच अधिक बिकट येतात," एवढें म्हटलें कीं कोणत्याहि रुग्णालयाला आपल्या उणिवांवर पांघरूण घालतां येत असे. रोगी किती बिकट आहे हें मोजण्याचें माप जोंवर हातीं नव्हतें, तोंवर या उत्तराला प्रत्युत्तर नव्हतें. शंभराहून अधिक वर्षें तें मिळालेंहि नाहीं.

मध्यंतरीं उपायांच्या बाजूनें एक मोठी उडी पडली. १९५२ च्या उन्हाळ्यांत डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर सांथ आली. शहरांतील सांथीचे रोगी ब्लेग्डॅम रुग्णालयांत येत. जुलै ते डिसेंबर या काळांत तेथें पोलिओचे २,७२२ रोगी दाखल झाले, आणि त्यांपैकीं ३१६ जणांना श्वासासाठीं मदतीची गरज पडली. श्वास चालविणारें मोठें 'लोखंडी फुप्फुस' रुग्णालयांत एकच होतें, आणि छातीवर बसविण्याचीं लहान यंत्रें सहा. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास लुळा पडलेल्या ३१ रोग्यांवर या साधनांनीं उपचार झाले. त्यांतील २७ दगावले. म्हणजे शेंकडा ८७. अशा स्थितींत नवा रोगी दारांत आला तर अनुभवी डॉक्टरानें काय भाकीत करावें? तो मरणार, हेंच. आणि तें भाकीत दहांतून जवळजवळ नऊ वेळां खरें ठरलें असतें.

मुख्य वैद्य लासेन यांनीं नाइलाज होऊन ब्योर्न इब्सेन नांवाच्या एका भूलतज्ज्ञाला पाचारण केलें. शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर भूलतज्ज्ञाचें काय काम, असा तो काळ होता. या रोग्यांच्या रक्तांत वाढलेल्या एका घटकावरून, शरीरांत कांहीं अनाकलनीय कारणानें क्षार वाढला आहे, असा तर्क तेथील तज्ज्ञ करीत असत. इब्सेन यांनीं शवविच्छेदनाचे निष्कर्ष पाहिले. फुप्फुसें इतकीं बिघडलेलीं नव्हतीं कीं केवळ त्यांच्यामुळें मृत्यु यावा. भूल देण्याच्या रोजच्या अनुभवावरून त्यांच्या ध्यानांत आलें कीं हा प्रकार क्षाराचा नसून शरीराबाहेर न पडलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचा आहे. श्वास अपुरा पडून रोगी आंतल्या आंत गुदमरत होते.

ऑगस्टच्या अखेरीस बारा वर्षांच्या एका मुलीवर त्यांनीं आपला उपाय करून दाखविला. मुलीचे हातपाय लुळे पडले होते, अंगांत सणकून ताप होता, कातडी निळसर झाली होती. तिच्या कंठाखालीं शस्त्रानें छिद्र पाडून श्वासनलिकेंत रबरी नळी बसविली आणि नळीला हवेची पिशवी जोडली. पण आंतील वायुमार्ग आकसले. पिशवी दाबली तरी हवा आंत जाईना. मुलगी जिवाच्या आकांतानें झटापट करूं लागली. पाहण्यास जमलेल्या डॉक्टरांचा धीर सुटून कांहीं जण निघूनहि गेले. इब्सेन यांनीं झोपेचें औषध टोंचून तिला निपचित केलें. तिची धडपड थांबली, आणि मग पिशवी दाबतांच छाती वर उचलूं लागली. थोड्याच वेळांत अंगावर रंग परतला. ती मुलगी वांचली, आणि पुढें जवळजवळ वीस वर्षें जगली.

मार्ग सांपडला, पण तो चालण्यासाठीं यंत्रें नव्हतीं. तेव्हां माणसांनींच यंत्रांची जागा घेतली. सुमारें १,५०० वैद्यकीय व दंतवैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीनें रोग्यांच्या उशाशीं बसले आणि रात्रंदिवस हातांनीं पिशव्या दाबीत राहिले. सांथ ऐन भरांत असतांना एकाच वेळीं ७० रोग्यांचा श्वास अशा रीतीनें चालू होता. सारा हिशेब १,६५,००० तासांचा भरला. वीस-बावीस वर्षांच्या तरुणानें एका अनोळखी मुलाचा श्वास आपल्या मुठींत धरून रात्र काढावी, आणि पहांटे दुसऱ्यानें येऊन तोच श्वास पुढें चालू ठेवावा, असें दृश्य वैद्यकाच्या इतिहासांत क्वचितच दिसलें असेल. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ८७ वरून ४० च्या आसपास आलें, आणि पुढें त्याहूनहि खालीं गेलें.

येथें भाकिताविषयीं एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. शेंकडा ८७ हें प्रमाण खोटें नव्हतें. जुलै महिन्यांत जे उपाय ठाऊक होते त्यांच्यापुरतें तें अगदीं खरें होतें. रोग तोच राहिला. बदलले ते हात. तेव्हां "हा रोगी मरणार" या वाक्याला नेहमींच एक शेपूट असतें : "आज आपण जें करतों तेवढेंच केलें तर." जुने वैद्य हें शेपूट उच्चारीत नसत, कारण त्यांच्या काळीं दुसरें कांहीं करण्याजोगें फारसें नव्हतेंच.

१९५३ च्या अखेरीस इब्सेन यांनीं कोपनहेगनच्या नगर-रुग्णालयांत अत्यवस्थ रुग्णांसाठीं एक स्वतंत्र दालन उघडलें. ज्याला आज अतिदक्षता विभाग म्हणतात त्याचा जगांतील हा आरंभ समजला जातो. डोळ्यांत तेल घालून चोवीस तास पहारा करणाऱ्या परिचारिका, जवळच डॉक्टर, श्वासाची कृत्रिम सोय आणि रक्ताची वारंवार तपासणी, ही त्याची चतुःसूत्री होती. हीच पद्धति पुढें देशोदेशीं पसरली. मुंबईंत डॉ. फारोख उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं ती धनुर्वाताविरुद्ध वापरली. धनुर्वाताच्या आंचक्यांत रोग्याचा श्वास कोंडतो. तेव्हां औषधानें स्नायु सैल करून, यंत्रानें श्वास देऊन, विष ओसरेपर्यंत त्याला तगवून धरावयाचें, असा हा प्रकार. १५० रुग्णांवरील त्यांचा अनुभव १९८७ सालीं प्रसिद्ध झाला आणि गरीब देशांतील जुन्या शत्रूशींहि या मार्गानें झुंजतां येतें हें त्यानें दाखविलें. १९९३ सालीं या शाखेच्या डॉक्टरांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली तीहि मुंबईंतच.

उपाय वाढले तसें भाकितानेंहि रूप पालटलें. न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲपगार यांनीं १९५२ सालीं नवजात अर्भकासाठीं एक साधें माप मांडलें, आणि पुढच्या वर्षीं तें छापून आलें. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठा, चेतवल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि अंगाचा रंग, या पांच गोष्टींना शून्य, एक किंवा दोन गुण द्यावयाचे. जन्मल्यावर एका मिनिटानें ही बेरीज मांडली जाऊं लागली. तोंपर्यंत मलूल जन्मलेल्या बालकाकडे दुर्लक्ष होणें अशक्य नव्हतें. आतां तीन गुणांचें बालक समोर असतांना कोणालाहि स्वस्थ बसवेना. १९७४ सालीं ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या दोन डॉक्टरांनीं बेशुद्धीचें असेंच माप काढलें. डोळे केव्हां उघडतो, बोलतो कसा, हातपाय हलवितो कसे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून आज तीनपासून पंधरापर्यंत गुण देतात. "रोगी जरा गुंगींत आहे" यासारख्या सैल वाक्याऐवजीं एक आंकडा मिळाला, आणि तो रात्रपाळीची परिचारिका सकाळच्या डॉक्टराला जसाच्या तसा देऊं लागली.

मग वॉशिंग्टन येथील विल्यम नॉस व त्यांचे सहकारी यांनीं संबंध शरीराचा हिशेब मांडावयाचें मनावर घेतलें. १९८१ सालीं त्यांनीं ३४ निरीक्षणांवर आधारलेली 'अपाचे' नांवाची पद्धति प्रसिद्ध केली. १९८५ सालीं तिची आटोपशीर दुसरी आवृत्ति निघाली. तींत निरीक्षणें बाराच होतीं. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, रक्तांतील प्राणवायु व क्षार, मूत्रपिंडांचें काम, शुद्धीची पातळी, अशा गोष्टींचा पहिल्या चोवीस तासांतला सर्वांत बिघडलेला आंकडा घ्यावयाचा. तो निरोगी मर्यादेपासून जितका दूर, तितके गुण अधिक. त्यांत वयाचे आणि जुन्या दुखण्यांचे गुण मिळवावयाचे. बेरीज शून्यापासून ७१ पर्यंत जाऊं शकते. १३ रुग्णालयांतील ५,८१५ रुग्णांवर ही पद्धति पडताळून पाहिली, तेव्हां गुण वाढत जातात तसतसें मृत्यूचें प्रमाणहि पायरीपायरीनें चढत जातें असें दिसून आलें.

या आंकड्याचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. एखाद्या रुग्णाच्या गुणांवरून मृत्यूचा संभव शेंकडा ४० निघाला, तर त्याचा अर्थ एवढाच कीं तशा शंभर रुग्णांपैकीं सुमारें ४० दगावतात. समोरचा माणूस त्या ४० पैकीं कीं उरलेल्या ६० पैकीं, हें तो आंकडा सांगत नाहीं. बाहेर बांकावर बसलेल्या आप्तांना नेमकें तेंच हवें असतें, आणि नेमकें तेंच त्याला देतां येत नाहीं. व्यक्तीच्या बाबतींत तो अर्धामुर्धा मुका आहे. समूहाच्या बाबतींत मात्र तो स्पष्ट बोलतो.

आणि समूहाविषयीं तो जें बोलला तें कान उघडणारें होतें. १९८६ सालीं नॉस यांनीं १३ मोठ्या रुग्णालयांतील ५,०३० रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. प्रत्येक रुग्णाच्या गुणांवरून त्या त्या रुग्णालयांत किती मृत्यु व्हावयास हवे होते हें आधीं काढलें, आणि प्रत्यक्ष किती झाले तें त्याच्याशेजारीं मांडलें. एका रुग्णालयांत ६९ मृत्यूंची अपेक्षा होती, तेथें झाले ४१. दुसऱ्या एका रुग्णालयांत अपेक्षेपेक्षां शेंकडा ५८ नीं अधिक झाले. "आमच्याकडे रोगीच अधिक बिकट येतात" या जुन्या उत्तराची वाट आतां बंद झाली होती. रोग्यांचा बिकटपणा हिशेबांत आधींच धरलेला होता. मग फरक कशाचा? यंत्रांचा म्हणावा, तर तसें दिसेना. रुग्णालय विद्यादानाचें आहे कीं नाहीं, यानेंहि उलगडा होईना. अभ्यासकांच्या मतें फरकाचा संबंध मुख्यतः तेथील माणसांच्या परस्पर वागणुकीशीं होता. डॉक्टर व परिचारिका एकमेकांशीं बोलतात का, कामाची सांगड नीट घातलेली असते का, रुग्णाची जबाबदारी कोणावर हें ठरलेलें असतें का, यावर माणसें जगत किंवा मरत होतीं.

नाइटिंगेलबाईंना जें माप हवें होतें तें अखेर हातीं आलें, आणि त्यानें त्यांचेंच म्हणणें नव्या रूपानें पुढें मांडलें. वैद्याला दोषमुक्त करण्यासाठीं जन्मलेलें भाकीत आतां त्याच्याकडेच बोट दाखवूं लागलें. ६९ उणे ४१, म्हणजे २८. त्या एका रुग्णालयांत २८ माणसें अशीं होतीं कीं जीं इतर ठिकाणच्या सरासरीप्रमाणें गेलीं असतीं, पण घरीं परत गेलीं. तीं कोण, हें कोणालाहि सांगतां येणार नाहीं. त्यांचें त्यांनाहि ठाऊक नाहीं. त्यांच्यासाठीं कोणी एक पराक्रमी शस्त्रवैद्य धांवून आला नव्हता. कोणीतरी वेळेवर हांक मारली, कोणीतरी ती ऐकली, एवढेंच घडलें असेल.

यावरून कोणास वाटेल कीं भाकीत डॉक्टरांच्या हातीं दिलें म्हणजे काम झालें. तसा प्रयोगहि झाला. १९८९ ते १९९४ या काळांत अमेरिकेंतील पांच रुग्णालयांत अत्यवस्थ अशा ९,१०५ रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. त्याच्या दुसऱ्या टप्प्यांत कांहीं डॉक्टरांना त्यांच्या रुग्णांचें गणितानें काढलेलें भवितव्य लेखी कळविण्यांत आलें. रुग्णाची इच्छा जाणून ती डॉक्टरांपर्यंत पोंचविण्यासाठीं खास परिचारिकाहि नेमल्या. १९९५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते निराशाजनक होते. ना रुग्णांच्या वेदना कमी झाल्या, ना अखेरच्या दिवसांतील निरर्थक उपचार. भाकितें ठीक होतीं, पण कागद फाइलींत पडून राहिला आणि रहाटगाडगें पूर्वीप्रमाणेंच फिरत राहिलें. माहिती आणि कृति यांच्यामधील अंतर नुसत्या माहितीनें भरून येत नाहीं, हा त्याचा धडा.

दुसरा धडा आणखी सूक्ष्म आहे. वाईट आंकडा मरणाची सूचना देतो. मग तो आंकडा औषधानें सुधारला म्हणजे माणूसहि सुधारेल का? अत्यवस्थ रुग्णांच्या रक्तांत साखर वाढते, आणि ती वाढणें हें वाईट लक्षण मानतात. २००१ सालीं बेल्जियममध्यें झालेल्या एका अभ्यासांत ती काटेकोरपणें उतरवून मृत्यु कमी झाल्याचें दिसलें, आणि ही रीत सर्वत्र सुरू झाली. पण २००९ सालीं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा आदि देशांतील ६,१०४ रुग्णांच्या पाहणींत उलटेंच आढळलें. साखर काटेकोरपणें आवळून धरली त्या गटांत शेंकडा २७.५ मृत्यु, आणि जरा सैल सोडली त्या गटांत शेंकडा २४.९. श्वासयंत्राचेंहि तसेंच झालें. रक्तांतील वायूंचे आंकडे निरोगी माणसासारखे दिसावेत म्हणून पूर्वीं फुप्फुसांत भरपूर हवा भरीत असत. २००० सालीं ८६१ रुग्णांवरील प्रयोगांत एका गटाला नेहमींचे मोठे श्वास दिले आणि दुसऱ्याला त्यांच्या निम्मे. निम्म्या श्वासांच्या गटांत आंकडे कांहींसे कमी चांगले दिसत, पण मृत्यु शेंकडा ३९.८ ऐवजीं ३१ झाले. सुजलेलें फुप्फुस जोरानें फुगविलें तर फाटतें. त्याला अलगद सांभाळावें लागतें. आंकड्याची सेवा आणि रुग्णाची सेवा या दोन गोष्टी एक नव्हेत, हें कळावयास इतके प्रयोग लागले.

मग अत्यवस्थ रुग्णांचें भवितव्य खरोखर सुधारलें तें कशानें? उदाहरण पाहावयाचें तर २००६ सालीं प्रसिद्ध झालेलें मिशिगन प्रांतांतील कार्य पाहावें. मोठ्या शिरेंत घातलेल्या नळीवाटे रक्तांत जंतु शिरून अनेक रुग्ण दगावत. पीटर प्रोनोव्होस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पांच साध्या गोष्टींची यादी केली : हात धुणें, रुग्णाला व स्वतःला स्वच्छ वस्त्रानें पूर्ण झांकणें, कातडी योग्य औषधानें पुसणें, मांडीची शीर शक्यतों टाळणें आणि गरज संपतांच नळी काढून टाकणें. यांतील एकहि गोष्ट नवी नव्हती. नवें होतें तें इतकेंच कीं यादींतील पायरी गाळली गेली तर परिचारिकेनें डॉक्टराला थांबवावें, आणि त्यानें थांबावें. १०३ अतिदक्षता विभागांत हा नियम चालू झाला. दर हजार नळी-दिवसांमागें अशा जंतुदोषाचें मध्यम प्रमाण २.७ होतें, तीन महिन्यांत तें शून्यावर आलें. १९८६ च्या हिशेबानें जें सुचविलें होतें तें येथें प्रत्यक्ष करून दाखविलें गेलें.

२०२० सालीं कोविडची साथ आली तेव्हां जगभरच्या अतिदक्षता विभागांपुढें १९५२ च्या जुलैसारखीच स्थिति उभी राहिली : रोग नवा, मृत्यु उदंड, उपायांविषयीं तर्कवितर्क. ब्रिटनमध्यें त्या वर्षीं शेंकडों रुग्णालयांनीं मिळून रुग्णांचे गट पाडले आणि एकेक औषध निःपक्षपातीपणें पारखून पाहिलें. डेक्सामेथासोन या जुन्या व स्वस्त औषधानें श्वासयंत्रावरील रुग्णांतील मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४१.४ वरून २९.३ वर आल्याचें जाहीर झालें. वसंत ऋतूंतलें भाकीत उन्हाळ्यांत जुनें झालें. भाकितें अशीं जुनीं व्हावींत, यासारखें सुचिन्ह दुसरें नाहीं. 'अपाचे' पद्धतीच्याहि पुढें १९९१ व २००६ सालीं नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या.

एक धोका मात्र कायम आहे. हा रुग्ण वांचणार नाहीं असें ठरविलें कीं पहारा ढिला पडतो, उपचार आटोपते घेतले जातात, आणि रुग्ण जातो. मग भाकीत खरें ठरल्याचें समाधान तेवढें पदरीं पडतें. अशा भाकिताची खरीखोटी पारख कधींच होत नाहीं. उलट, सर्व उपाय थकले असतांना केवळ आशेपोटीं माणसाला नळ्यांत जखडून ठेवणें हेंहि क्रौर्यच. या दोहोंमधील वाट आंकडा दाखवूं शकत नाहीं. ती रुग्णाची इच्छा, आप्तांचें मन आणि डॉक्टरांचा अनुभव यांनीं एकत्र बसूनच काढावी लागते. आणि एकत्र बसून बोलणें हेंच तर त्या १३ रुग्णालयांच्या हिशेबांत सर्वांत मोलाचें ठरलें होतें.

बाहेरच्या बांकावरील माणसें आजहि तोच प्रश्न विचारतात. त्यांच्या पहिल्या प्रश्नाला सच्चा डॉक्टर बहुधा शेंकड्यांत उत्तर देतो, आणि तें ऐकून कोणाचें समाधान होत नाहीं. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तोंडीं मिळत नाहीं. तें आंत, दाराआड, रात्रपाळीची परिचारिका हात धुऊन पुन्हां खाटेजवळ येते तेव्हां दिलें जात असतें.